आभासी आकाशात पहिले उड्डाण: सिम्युलेटरवरून नियंत्रकांच्या नेटवर्कवर जायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

काजूवाला (वेंगुर्ले) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. घरच्या संगणकावर एक्स-प्लेन १२ हा विमानाचा सिम्युलेटर चालवतो. चिपीच्या सड्यावरच्या विमानतळावरून सेसना १७२ हे छोटे विमान उचलावे, सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालावा आणि परत येऊन बऱ्यापैकी उतरावे, एवढे आता जमते. मात्र या आकाशात मी एकटाच असतो, आणि सिम्युलेटरमधला यांत्रिक आवाज काहीही विचारले तरी तेच ते उत्तर देतो, त्यामुळे कंटाळा येऊ लागला आहे. जगभरची हौशी माणसे एकाच आकाशात विमाने उडवतात, काही जण खऱ्या नियंत्रकांप्रमाणे त्यांना परवानग्या देतात आणि हे सारे प्रत्यक्ष बोलून चालते, असे वाचले. त्यात शिरावेसे वाटते, पण काही शंका आहेत.

यासाठी पैसे पडतात का? वायरलेसवर बोलायचे म्हणजे सरकारी परवाना लागतो का? माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून इंग्रजी वाचता येते, पण समोरचा भरभर बोलू लागला की माझी गाळण उडते. अशा माणसाने तिथे जाऊन इतरांचा खोळंबा करावा का? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा मध्येच संपर्क तुटला तर काय होते? शिवाय दहावीतल्या माझ्या मुलीला विमान उडवण्यात रस नाही, तिला थेट नियंत्रकच व्हायचे आहे. तिने कुठून सुरुवात करावी?

सड्यावरचा (रत्नागिरी)

पैशांचे आधी सांगतो. व्हॅटसिम आणि आयव्हीएओ ही या छंदातली दोन मोठी नेटवर्के असून दोन्ही विनामूल्य आहेत. आयव्हीएओ १९९८ पासून चालू आहे, व्हॅटसिम २००१ पासून. दोन्हींकडचे नियंत्रक स्वयंसेवक असतात, त्यामुळे कोणी प्रशिक्षणाचे किंवा सदस्यत्वाचे पैसे मागू लागला तर तो भामटा समजावा. मी व्हॅटसिमवर असतो, म्हणून पुढचे सारे तिथल्या अनुभवावरून लिहितो.

परवान्याची चिंता करू नका. तुमच्या सिम्युलेटरमधला रेडिओ हा केवळ पडद्यावरचा आकडा आहे. तुमचा आवाज इंटरनेटवरून जातो, हवेत एकही लहर सोडली जात नाही. खरा विमानी रेडिओ विकत घेऊन परवान्याशिवाय त्यावर बोलणे हा मात्र गुन्हा आहे आणि या छंदाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

व्हॅटसिमच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना वयाची १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. एका माणसाला एकच खाते मिळते, आणि रेडिओवर खरे नाव दाखवायचे नसेल तर सदस्य क्रमांक दाखवला तरी चालते. नोंदणीनंतर नियमांवरची एक लहान परीक्षा द्यावी लागते. पुष्कळ जण ती घाईघाईने उरकतात आणि मग पहिल्याच दिवशी धावपट्टीच्या मधोमध अवतरतात, तेही कोणीतरी उतरत असताना. परीक्षेतले मोजके मुद्दे तरी मनावर घ्यावेत: जोडणी नेहमी विमान पार्किंगच्या जागी उभे असतानाच करावी, जोडलेले विमान वाऱ्यावर सोडून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उठून जाऊ नये, नियंत्रकाने संपर्काचा संदेश पाठवला तर त्याच्या फ्रिक्वेन्सीवर तत्काळ जावे. अपहरणाचे नाटक करणे आणि त्यासाठीचा ७५०० हा संकेत लावणे पूर्णपणे निषिद्ध आहे.

एक्स-प्लेनसाठी एक्सपायलट हे जोड-सॉफ्टवेअर घ्यावे लागेल. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवाल्यांसाठी व्हीपायलट आहे. एक्सपायलट बसवताना इतरांच्या विमानांची सीएसएल प्रतिरूपे उतरवून घेण्याची पायरी गाळू नका, कारण ती नसतील तर शेजारी कोणते विमान उभे आहे हे तुम्हाला धड दिसणार नाही.

तुमच्याकडे एक्स-प्लेन आहे हे कोकणाच्या दृष्टीने बरेच झाले, कारण त्याचा भूप्रदेश डिस्कवर साठवलेला असतो. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर २०२० पासून जमिनीची छायाचित्रे उडताउडता इंटरनेटवरून खेचतो, आणि गावातली जोडणी रेंगाळली की किनारपट्टीचा चिखल होतो. त्या मानाने नेटवर्काला स्वतःला फार थोडा डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही ते निभावते.

आणखी एक आगाऊ सल्ला. हँडल, पेडल, थ्रॉटल असली महागडी सामग्री आत्ता घेऊ नका. माइक असलेला साधा हेडफोन मात्र हवाच, कारण स्पीकर चालू ठेवून बोललात तर तुमचाच आवाज पुन्हा फ्रिक्वेन्सीवर घुमतो आणि सगळे वैतागतात.

आंबोळगड

वरील सर्व मान्य. फक्त आयव्हीएओला दुय्यम समजू नये. तिथेही भारताचा स्वतंत्र विभाग आहे, वैमानिकांसाठी अल्टिट्यूड आणि नियंत्रकांसाठी ऑरोरा ही त्यांची स्वतःची साधने आहेत, आणि परीक्षांची उतरंड नीट बांधलेली आहे. दोन्हींचा नकाशा उघडून आपण ज्या वेळी मोकळे असतो त्या वेळी आपल्या बाजूला कोण हजर आहे ते पाहावे आणि मग ठरवावे. ज्यांना सिम्युलेटरसाठीही पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी फ्लाइटगिअर हा पूर्णपणे विनामूल्य सिम्युलेटर आहे आणि स्विफ्ट या सॉफ्टवेअरच्या मदतीने तो व्हॅटसिमला जोडता येतो. खटपट थोडी जास्त पडते.

फोनेटिक (पनवेल)

इंग्रजीच्या भीतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते बहुतेक मराठी मुले उंबरठ्यावरून मागे फिरतात ती याच भीतीने, आणि ती अनाठायी आहे.

रेडिओवर चालते ते संभाषणाचे इंग्रजी नव्हे. तो ठरलेल्या शब्दांचा, ठरलेल्या क्रमाचा एक छोटा संच आहे आणि तो मुद्दामच असा बांधला आहे की ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्यालाही तो वापरता यावा. कोकण रेल्वेचे स्टेशनमास्तर एकमेकांकडून लाइन क्लिअर घेताना खासगी क्रमांक सांगतात, तो पलीकडचा परत म्हणून दाखवतो आणि मगच गाडी सुटते. इथली रीतही तीच. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची गोष्ट जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, आणि शेवटी आपले नाव लावायचे.

समजा मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळाला जायचे आहे. तुम्ही म्हणता: “मुंबई डिलिव्हरी, व्हिक्टर टँगो अल्फा किलो सिएरा, इन्फर्मेशन ब्राव्हो, रिक्वेस्ट क्लिअरन्स टू मोपा.” यातली “डिलिव्हरी” म्हणजे उड्डाणाचा परवाना देणारा नियंत्रक, “व्हिक्टर टँगो अल्फा किलो सिएरा” ही तुमच्या विमानाच्या नावाची एकेक अक्षरे, आणि “ब्राव्हो” म्हणजे विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-निवेदनाचे अक्षर, ते आधी ऐकले आहे एवढे तुम्ही त्यातून कळवता. उत्तर येते: “व्हिक्टर टँगो अल्फा किलो सिएरा, क्लिअर्ड टू मोपा, फ्लाइट प्लॅन्ड रूट, रनवे टू सेव्हन, स्क्वॉक फोर टू वन थ्री.” प्रत्यक्षात त्यात सुरुवातीची उंची आणि बाहेर पडण्याच्या मार्गाचे नावही असते, पण सांगाडा हाच. आता तुम्ही तेच परत म्हणता, नियंत्रक “रीडबॅक करेक्ट” म्हणतो आणि विषय संपतो.

लक्षात घ्या की यातली एकही गोष्ट तुम्हाला अनपेक्षित नाही. कुठे जायचे ते तुम्हीच लिहून दिलेले आहे, मार्ग तुमचाच आहे, धावपट्टी निवेदनात ऐकलेली आहे. खरोखर नवे असतात ते “स्क्वॉक”चे, म्हणजे रडारवर तुमचे विमान ओळखण्याच्या संकेताचे, चार आकडे. म्हणून कागदावर गंतव्य, मार्ग, उंची, पुढची फ्रिक्वेन्सी आणि संकेत अशा ओळी आधीच आखून ठेवाव्यात आणि ऐकताना फक्त रिकाम्या जागा भराव्यात. चार आकड्यांचा हा संकेत ० ते ७ याच अंकांनी बनतो. तेव्हा तुम्हाला त्यात “एट” किंवा “नायनर” ऐकू आले तर ऐकण्यात गफलत झाली हे निश्चित, बेलाशक “से अगेन” म्हणावे.

परत काय म्हणायचे आणि काय नाही, यातही नवख्यांची धांदल उडते. धावपट्टी, उंची, दिशा, वेग, हवेच्या दाबाचा आकडा, संकेत, आणि धावपट्टीवर जाण्याची, ओलांडण्याची किंवा अलीकडे थांबण्याची सूचना परत म्हणायची. वारा परत म्हणायचा नाही. “स्टँडबाय” ऐकले की गप्प राहायचे, “ओके सर, थँक यू सर” अशी भर घालायची नाही. आपल्याकडच्या सौजन्याला हे जड जाते खरे, पण त्या वेळात दुसऱ्या कोणाला तरी बोलायचे असते. जमणार नसेल तर “अनेबल” म्हणायचे. त्यात कमीपणा काही नाही.

काटेकोरपणा कशासाठी, तर एकच उदाहरण देतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे गेली. एका वैमानिकाला परवानगी मिळाल्याचे वाटले होते, ती मिळालेली नव्हती. तेव्हापासून “टेकऑफ” हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात, एरवी सगळीकडे “डिपार्चर” म्हणतात. आपल्या आभासी आकाशात कोणी मरत नाही, पण रीत तीच पाळतात, आणि पाळली की सगळे सोपे जाते.

बोलण्याआधी पुष्कळ ऐका. गजबजलेल्या विमानतळावर पार्किंगमध्ये जोडून, कोणाकडे काही न मागता, संध्याकाळभर नुसते टॉवर, म्हणजे धावपट्टीचा नियंत्रक, ऐकत बसले तरी हरकत नसते. फक्त संगणकापाशी हजर राहा. आणि बोलणे अगदीच जमेना तर उड्डाण-आराखड्यात आपण फक्त लिहून उत्तर देतो किंवा ऐकतो पण बोलत नाही, अशी नोंद करता येते. नियंत्रक मग त्याप्रमाणे वागतो.

काजूवाला (वेंगुर्ले)

सर्वांचे आभार, विशेषतः कागदावर ओळी आखण्याच्या युक्तीबद्दल. नोंदणी केली, परीक्षाही झाली. नकाशा पाहिला तर आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा कोणीच नियंत्रक दिसत नाही. मग जोडण्यात अर्थ काय? आणि पहिले उड्डाण कुठून कुठे करावे? मुंबईहूनच करायची इच्छा आहे.

सड्यावरचा (रत्नागिरी)

मुंबई पहिल्या दिवशी नको. तिथे ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, टॅक्सीमार्गांचे जाळे गुंतागुंतीचे आहे, आणि एखाद्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी नियंत्रकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. चिपी ते मोपा करा. सरळ रेषेत सुमारे २५ नॉटिकल मैल, म्हणजे सेसनाने पाव तासाचा पल्ला. सरळ रेषेत मात्र जाऊ नका. चिपीच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण केले की तीन-चार किलोमीटरांत समुद्र लागतो, तिथून डावीकडे वळून किनारा धरून वेंगुर्ले, रेडी करत तेरेखोलच्या मुखापर्यंत जा आणि मग आत वळा. मोपाचा सडा नदीच्या दक्षिणेला आहे. हा सारा मुलूख तुमच्या पायाखालचा असल्यामुळे वाट चुकण्याची धास्ती नाही, आणि लक्ष रेडिओकडे देता येते.

नियंत्रक नसताना काय करायचे? १२२.८०० ही सर्वांची सामायिक फ्रिक्वेन्सी लावायची आणि आपण काय करणार आहोत ते तिथे लिहून कळवायचे: चिपीहून २७ वरून निघतो आहे, किनाऱ्याने दक्षिणेकडे, दोन हजार फुटांवर. कोणी ऐकत नसले तरी लिहा, कारण एके दिवशी कोणीतरी ऐकत असतो आणि तो समोरून येत असतो. टॉवर बंद पण वरचा क्षेत्रीय नियंत्रक हजर, असेही घडते. तेव्हा खालच्या विमानतळांचे टॉवर आणि ग्राउंड (जमिनीवरची हालचाल) सुद्धा तोच सांभाळतो, हे ध्यानात ठेवून उड्डाणाआधी नकाशावर वरपर्यंत नजर टाकावी. घड्याळ झुलू, म्हणजे ग्रीनिचच्या, वेळेचे असते. आपल्या संध्याकाळचे सात म्हणजे तिथले १३३०.

पावसाळी हवामानाबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण आमच्या बाजूला तोच खरा मास्तर आहे. नेटवर्कावर प्रत्यक्षातले हवामान चालते. जुलैत गोव्याच्या अहवालात दृश्यता ३००० मीटर, पाऊस, वारा २५० अंशांवरून १५ नॉट, दाब १००४ असे काहीसे दिसेल. वारा चिपीच्या २७ ला जवळजवळ समोरून आहे, आडवा घटक पाचेक नॉटच भरतो, त्यामुळे विमान उडवायला अडचण नाही. अडचण नियमाची आहे. डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमांखाली दृश्यता निदान ५ किलोमीटर लागते, आणि ढगांपासून उभे १००० फूट व आडवे १५०० मीटर अंतर. ३००० मीटरांत ते उड्डाण होत नाही. मग एकतर उघडीप होईपर्यंत थांबावे किंवा उपकरणांवर उडायला शिकावे. खऱ्या भारतीय नियमांत सूर्यास्तानंतरही असे उड्डाण सहसा करता येत नाही, त्यामुळे दिवसभर कारखाना आटोपून रात्री बसणाऱ्यांनी उपकरणांचा अभ्यास लवकर हाती घ्यावा.

दाबाचा आकडा तर विसरूच नका. उंचीमापकात १०१३ हा प्रमाण दाब तसाच राहिला आणि बाहेर १००४ असेल, तर दर हेक्टोपास्कलमागे सुमारे २७ फूट या हिशेबाने मापक अडीचशे फूट जास्त दाखवते. म्हणजे दोन हजार वाचत असताना तुम्ही साडेसतराशेवर असता. उघड्या समुद्रावर ते कळतही नाही. ढगातून सड्याकडे उतरताना कळते.

एक आई (चिपळूण)

मध्येच विचारते, क्षमस्व. यातून खरी नोकरी मिळायला मदत होते का? माझा मुलगा अभ्यास सोडून हेच करत बसतो.

टॉवरवाला (ठाणे)

ताई, प्रमाणपत्र म्हणून याची किंमत शून्य आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण नियंत्रकांच्या जागा स्पर्धा परीक्षेने भरते, तिला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि निवड झाल्यावर प्राधिकरणाचेच प्रशिक्षण असते; प्रयागराजचे केंद्र त्यांतले जुने. मुलाला एवढेच सांगा की बारावीचे गणित सुटले तर तो रस्ता बंद झाला. माझ्या पाहण्यात तरी हे असे सांगितल्यावर मुले पुस्तक उघडतात.

काजूवाले, तुमच्या कन्येसाठी. व्हॅटसिमवर भारत हा पश्चिम आशिया विभागात मोडतो, तेव्हा तिने खाते उघडून त्या विभागात भारतासाठी प्रशिक्षणाची विनंती करावी. तिला सिम्युलेटर लागणार नाही. युरोस्कोप हे विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोजच्या साध्या लॅपटॉपवरही चालते. पहिली पायरी निरीक्षकाची. निरीक्षक म्हणून रडारचा पडदा उघडून दुसरा नियंत्रक विमाने कशी हाताळतो हे पाहता आणि ऐकता येते, आणि माझ्या मते या पायरीवर जितके रेंगाळावे तितके चांगले. पुढे एस१ मध्ये उड्डाणपरवाने आणि जमिनीवरची हालचाल, एस२ मध्ये टॉवर, एस३ मध्ये अप्रोच, सी१ मध्ये संपूर्ण क्षेत्र. प्रत्येक टप्प्याला लेखी भाग आणि प्रशिक्षकासमोर प्रात्यक्षिक असते. प्रशिक्षकही नोकरीधंदा सांभाळून येणारे असल्यामुळे वाट पाहावी लागते.

ग्राउंडचे काम हलके समजू नये. रडारवर दोन ठिपके एकाच टॅक्सीमार्गावर समोरासमोर आले की कोणालाही मागे जाता येत नाही. विमानाला रिव्हर्स गिअर नसतो. म्हणून परवानगी देण्याआधीच दोन्ही मार्ग मनात आखावे लागतात. उंचीचा नियमही तिने आत्ताच पाठ करावा: आराखडा पूर्वेकडच्या अर्धवर्तुळात, म्हणजे ००० ते १७९ अंशांत जात असेल तर विषम पातळी (हजार फुटांत मोजलेली उंची विषम), पश्चिमेकडच्या अर्ध्यात सम. मुंबई ते गोवा दक्षिणेकडे वाटले तरी दिशा साधारण १६५ अंश येते, म्हणून जाताना विषम, येताना सम. नवख्या वैमानिकांचे आराखडे इथेच अडतात आणि ते दुरुस्त करणे हे डिलिव्हरीवर बसणाऱ्याचे रोजचे काम आहे.

तिला एक विनंती. स्वतः नियंत्रक व्हायचे असले तरी वडिलांच्या शेजारी बसून थोडी उड्डाणे करावीत. उतरण्याच्या तयारीत असलेल्या माणसाला एका दमात दिशा, उंची, वेग आणि नवी फ्रिक्वेन्सी दिली की त्याची काय तारांबळ होते, हे एकदा पाहिलेले नियंत्रक पुढे थोडक्यात आणि वेळेवर बोलतात.

सड्यावरचा (रत्नागिरी)

लाइटचे राहिले. राउटरला छोटा स्वतंत्र बॅकअप लावा, तो स्वस्तात मिळतो, आणि संगणकाला यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणार असाल तर आधी तपासून घ्या, कारण वीज इन्व्हर्टरवर वळतानाच्या क्षणभराच्या खंडात पुष्कळ संगणक बंद पडून नव्याने सुरू होतात. तरीही संपर्क तुटलाच तर कोणी रागावत नाही; नियंत्रकाच्या पडद्यावरून तुमचा ठिपका नाहीसा होतो आणि त्याला काय झाले ते समजते. वीज लवकर आली आणि सिम्युलेटर चालूच असेल तर त्याच नावाने पुन्हा जोडावे आणि पहिल्याच वाक्यात परत आल्याचे, उंची आणि जागा सांगून, कळवावे. संगणकच बंद पडला असेल तर हवेत मध्येच प्रकटण्याचा खटाटोप न करता निघालेल्या विमानतळाच्या पार्किंगमधून नव्याने सुरुवात करावी, आणि आराखडा पुन्हा दाखल करताना निघण्याची वेळ बदलायला विसरू नये.